पाचपैकी

मे महिन्यात नागपुरात कोणी सर्वेक्षण करत नाही.
पण अनुदान मार्चमध्ये आलं, जूनमध्ये संपणार होतं,
म्हणून मी, सदतीस प्रश्न, एक क्लिपबोर्ड
आणि पर्समध्ये आईनं ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा.

कॉटन मार्केटच्या मागे, रिकाम्या ट्रकच्या सावलीत
धनंजय कुमरे. वय?
"अठरा लिव्हा. कमी लिव्हलं त होमवाले नेतात."
अठरा लिहिलं.

प्रश्न चौथा, पत्ता.
त्यानं मेयोचा जुना केसपेपर काढून दाखवला.
खिडकीतल्या बाबूनं लिहिलं होतं: फिरस्ता.
"मी कुठी फिरतो मॅडम? तीन वर्सं झाले, याच शेडखाली हाओ.
फिरते तं थो बाबू. बदली झाली त्याची."

डॉक्टर तुमच्याशी आदरानं बोलले का? एक ते पाच.
पाच.
थांबावं लागलं त्याबद्दल?
पाच.
औषध मिळालं?
"चिठ्ठी भेटली. पाच."
अंगठ्याजवळची जखम दुधाच्या पिशवीनं बांधलेली,
पिशवीवरची गाय अजून हसत होती.
मी पेन थांबवलं. बाकावरून उठवलं म्हणालास ना, मघाशी?
"हो."
मग?
"मॅडम, उद्या मले त्याच खिडकीवर जा लागते.
कमी मार्क देल्ले अन् थ्याईले समजलं,
तं सुई कोठी टोचतीन?"
सगळे हसले. ट्रकचा क्लीनरसुद्धा.

रेवती हसली नाही.
ती गणेशपेठच्या बस स्टँडवर झोपते,
एकदा गेली होती दवाखान्यात, पुन्हा नाही.
का, हे तिनं सांगितलं नाही,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.
तिच्या फॉर्मवर मी लिहिलं: लागू नाही.
सलग सोळा वेळा.

विभागात एसी होता.
सरासरी चार पूर्णांक सहा.
"छान," सर म्हणाले, "स्वच्छ डेटा आहे."
सर, ते घाबरून पाच देतात.
"तसा रकाना नाही आपल्याकडे.
मर्यादांमध्ये एक ओळ टाका. शक्यतो शेवटी."
टाकली. शेवटी.

संमतीपत्राच्या तळाशी, नियमाप्रमाणे, माझा नंबर असतो.
शंका असल्यास संपर्क साधावा.
आजवर कुणालाच शंका आली नव्हती.

रात्री दोन वाजता
कूलरमधलं पाणी संपून पंप कोरडा घरघरत होता
आणि फोन.
"कुमरेचे नातेवाईक?"
मी उठून बसले.
"हॅलो, पेशंटचे तुम्ही कोण?"
सदतीस प्रश्न मीच काढले होते,
बारा जणांवर तपासून घेतले होते.
हा त्यांत नव्हता.
येते, मी म्हटलं.
हे काही उत्तर नव्हे. सिस्टरनं काय लिहून घेतलं,
कुणास ठाऊक.

गादी फरशीवर. हात कोपरापर्यंत सुजलेला.
सलाईन खिडकीच्या गजाला पट्टीनं बांधलेलं.
खिशात चार घड्या घातलेलं संमतीपत्र,
घामानं माझं नाव पुसलेलं, आकडे तेवढे शाबूत.
इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं. आणलं.
परत येईतो उजाडलं होतं,
गेटसमोर तर्री पोह्याची पहिली गाडी लागली होती.

आठच्या सुमारास त्यानं डोळे उघडले.
"मॅडम, फॉर्म आनला काय?"
नाही रे.
"मंग असाच लिव्हा. या खेपेले तीन."
तीन?
"दोन थ्या रातच्या सिस्टरचे. धनंजय म्हणे मले,
'ए' नाई म्हणे.
एक पंख्याचा."

उरलेले दोन कशाचे कापले, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही; वर बघत राहिला,
पंखा फिरत होता, एक पातं वाकडं.

औषधाच्या बिलामागे मी लिहिला तीन.
तारीख. वॉर्ड.
त्याखाली, रेवती, बस स्टँड, संध्याकाळी.
कागद न घेता.